साहेबांच्या वहिनींचं रक्त

मिलीमीटरने एका चौकोनात बरोबरची खूण केली, एवढंच. चौकोनही काही फार मोठा नव्हता. रक्त तपासणीच्या फॉर्मवर सातवा प्रश्न होता, "गेल्या दोन आठवड्यांत सर्दी, खोकला, ताप आहे/होता का?" आणि पुढे दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. मिलीमीटरने 'नाही'वर खूण केली, तीही इतकी नेटकी की चौकोनाच्या रेषेला कुठे धक्का लागला नाही. आणि नेमकं त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीवर बसलेली त्याची बायको, सहा महिन्यांची गरोदर, ओळीने चार वेळा शिंकली.

फॉर्म घेणाऱ्या खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धूळ," मिलीमीटर म्हणाला. "तुमच्याकडे धूळ फार आहे हो."

त्याचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटात आहे, ते तिथेच राहू द्या. बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. अकरा वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. बोल्ट उचलायचा, मोजायचा, मर्यादेत असला तर हिरव्या पेटीत, केसभर इकडेतिकडे असला तर लाल पेटीत. कारखान्यात त्याला मिलीमीटर म्हणायचे, आणि एके दिवशी बायकोने ते ऐकल्यावर सगळ्या इमारतीत म्हणायला लागले.

आता असा काटेकोर माणूस सरळ सरळ खोटं का बोलला, असं तुम्ही विचाराल. तर काटेकोर होता म्हणूनच. 'हो'वर खूण केली असती तर खिडकीतल्या गृहस्थांनी तीन आठवडे पुढची तारीख दिली असती, तशी पाटीच होती तिथे. आणि घरी कपाटाच्या दारावर मिलीमीटरने तीन रंगांत काढलेला गरोदरपणाचा तक्ता होता. त्या तक्त्यात ही तपासणी चोविसाव्या आठवड्यातल्या मंगळवारी होती. मंगळवार म्हणजे मंगळवार. ही तारीख मिळवायला त्याने दोन दिवस फोन लावला होता, आणि फोनवरचं संगीत त्याला आता पाठ झालं होतं.

पण हे झालं वरवरचं कारण. खरं कारण जरा लाजिरवाणं होतं. ती सर्दी त्यानेच घरी आणली होती. कारखान्यातले गोदामबाबू निवृत्त झाले, निरोपाच्या दिवशी नाक ओढत ओढत प्रत्येकाला कडकडून भेटले, आणि मिलीमीटरला तर दोनदा. तिसऱ्या दिवशी याच्या घशात खवखवायला लागलं. डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, घरात कुणाला सर्दी झाली तर गरोदर बाईपासून लांब राहायचं आणि मला कळवायचं. मिलीमीटरने दोन्हीतलं एकही केलं नाही. तो सहा दिवस न्हाणीघराचा नळ मोठा सोडून आत शिंकत होता. मग सोमवारी बायकोच शिंकली.

रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून येता येता त्याने रिपोर्ट घेतला आणि तिथेच फुटपाथवर उघडला. प्रत्येक आकड्यासमोर मर्यादा छापलेली होती. मर्यादा हा मिलीमीटरचा सगळ्यात आवडता शब्द, म्हणून क्षणभर त्याला घरच्यासारखं वाटलं. मग त्याला ठळक छापलेले आकडे दिसले. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या आत जायला नकोत, त्या होत्या तीन हजार आठशे. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्या एक लाख बेचाळीस हजार. आणि सीआरपी नावाचं काहीतरी, जे सहाच्या आत हवं, ते होतं चोवीस.

तीन आकडे मर्यादेबाहेर. कारखान्यात एक बाहेर गेला तरी तुकडा लाल पेटीत जातो.

बोल्ट असता तर काय करायचं ते त्याला माहीत होतं. ही बायको होती, आणि तिच्या आत आणखी कोणीतरी होतं, ज्याला त्याने अजून पाहिलंही नव्हतं. फुटपाथवर माणसं त्याला वळसा घालून जात होती आणि हा कागद हातात धरून उभाच.

फक्त एका आकड्याने त्याला धीर दिला. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोखंडाचा साठा. पंधराच्या वर हवा, तो बेचाळीस होता. लोखंड म्हणजे तर आपलंच खातं! त्याने खिशातलं हिरवं पेन काढलं आणि त्या आकड्याभोवती गोल केला. एवढा एक तरी पास.

घरी बायको उशी पाठीशी घेऊन बसली होती. नाक लाल, आवाज बसलेला, अंगात बारीक कणकण.

"रिपोर्ट आला का रे?"

"नाही. त्यांचं यंत्र बंद पडलंय."

खोट्याचं असं असतं, एकटं राहवत नाही त्याला, सोबत लागते. सर्दी लपवली म्हणून फॉर्म खोटा, फॉर्म खोटा म्हणून रिपोर्ट लपवला, आणि रिपोर्ट लपवला म्हणून बिचाऱ्या धडधाकट यंत्राला बंद पाडलं. रिपोर्ट त्याने घरातल्या एकुलत्या एका लाल फायलीत ठेवला, कारण इतकी वर्षं नापास माल लालमध्येच ठेवायची हाताला सवय. मग मोबाईलवर शोधायला बसला. तीन मिनिटांत त्याने बायकोला चौदा आजार लावले. त्यातले दोन फक्त मेंढ्यांना होतात, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं त्याने वाचलंच नाही.

डॉक्टरबाईंना फोन करायला हवा होता. त्याने दोनदा नंबर लावलाही. पण त्या पहिला प्रश्न काय विचारणार हे त्याला ठाऊक होतं, आणि रिंग वाजायच्या आत त्याने दोन्ही वेळा फोन ठेवला.

मग कुणाला विचारायचं? खाली पहिल्या मजल्यावर काका राहायचे. निवृत्त मीटर रीडर. तीस वर्षं लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचल्यामुळे आकडा कुठलाही असला तरी तो आपल्या अधिकारात येतो, अशी त्यांची समजूत होती. सध्या त्यांचा इमारतीच्या सेक्रेटरींशी लढा चालू होता. काकांच्या दारासमोरचा जिन्यातला दिवा चार महिने बंद होता. काकांनी पाच पत्रं दिली होती, पाचव्याला पहिल्या चारांच्या प्रती जोडून. घरात नवे दिवे पडलेले होते, पण लावणार नाहीत म्हणजे नाहीत. "दिवा सगळ्यांचा आहे. आज मी बदलला तर उद्या टाकीही मीच धुवायची. प्रश्न तत्त्वाचा आहे!" त्या तत्त्वापायी आख्खी इमारत चार महिने चाचपडत जिना चढत होती.

त्याच अंधारात मिलीमीटर काकांना गाठून म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. आमच्या साहेबांच्या वहिनी आहेत. गरोदर आहेत. त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी आल्यात."

"साहेबांच्या वहिनी?"

"हो. साहेब फार काळजीत आहेत."

काकांनी आकडे विचारले, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "मीटर दोन कारणांनी चुकीचं दाखवतो. एक म्हणजे मीटर खराब. दुसरं म्हणजे घरात काहीतरी जास्तीचं चालू. त्यांच्या घरात काही जास्तीचं चालू आहे का?"

"म्हणजे?"

"ते मला काय माहीत? मी मीटर वाचायचो. घरात शिरत नसे."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण शुक्रवारपर्यंत साहेबांच्या वहिनी इमारतभर झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटने मिलीमीटरला गाठून सांगितलं की अशीच एक केस त्याच्या ओळखीत होती, आणि पुढे काय झालं ते मात्र सांगत नाही म्हणाला, कारण ऐकवणार नाही. मिलीमीटर तिथेच पायरीवर बसला. समोरच्या काकू म्हणाल्या, साहेबांना सांग, वहिनींना डाव्या कुशीवर झोपवा आणि बातम्या बघू देऊ नका. ज्या घरासाठी हे सल्ले होते त्या घराच्या दारात उभं राहून लोक ते सांगत होते, आणि मिलीमीटर "सांगतो, साहेबांना सांगतो" म्हणत होता.

शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून तो परत तपासणीच्या खिडकीवर गेला. ठरवलं होतं, फॉर्म दुरुस्त करायचा. 'नाही'चं 'हो' झालं की रिपोर्ट आपोआप वेगळा दिसेल, अशी त्याला कुठेतरी आशा होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा.

"फॉर्ममध्ये थोडी चूक झालीय," तो म्हणाला.

"नाव चुकलं?"

"नाही, सातवा प्रश्न. 'नाही' लिहिलंय, ते 'हो' करायचंय."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "'हो'चं 'नाही' करता येतं. डॉक्टरांचा दाखला आणायचा की बरं वाटतंय. 'नाही'चं 'हो' करायची आमच्याकडे सोय नाही."

"का?"

"आजवर कुणी मागितली नाही." मग ते जरा पुढे वाकले. "म्हणजे त्या दिवशी ती धूळ नव्हती तर."

मागे रांगेत सहा माणसं होती. मिलीमीटरचे कान गरम झाले.

"मी त्या दिवशी फायलींच्या कपाटापर्यंत सगळी धूळ पुसली इथली," गृहस्थ म्हणाले. "दोन दिवस पाठ दुखली माझी."

"मग आता मी काय करू?"

"डॉक्टरांना सांगा. फॉर्म आमच्यासाठी असतो. खरं त्यांच्यासाठी असतं."

तो घरी आला तेव्हा दारात सासूबाई उभ्या. लेकीचा आवाज फोनवर बसलेला वाटला म्हणून न सांगता आल्या होत्या. चप्पल काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमच्या साहेबांच्या वहिनींच्या प्लेटलेट आता कशा आहेत हो? समोरच्या बाई सांगत होत्या."

आत पलंगावर बायको बसली होती. ती चौथीच्या वर्गाला शिकवायची. चाळीस पोरांपैकी खडू कुणी खाल्ला हे चेहरा बघून ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि बसक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या साहेबांना भाऊ नाहीये."

मिलीमीटर वाकून चपलेचा पट्टा काढायला लागला.

"एकुलते एक आहेत ते. त्यांच्या वाढदिवसाला आपण गेलो होतो. वहिनी कुठून आल्या?"

"लांबच्या..."

"लाल फाईल मी बघितली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं. "चार दिवस माझं रक्त तू फायलीत ठेवलंस. सगळ्या इमारतीला सांगितलंस. फक्त मला नाही."

"तू घाबरशील म्हणून..."

"मी? अरे, स्वतःचं तोंड बघ आरशात! मी घाबरले असते तर निदान दोघं मिळून घाबरलो असतो." आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तो नळ. सहा दिवस नळ सोडून शिंकत होतास. पाण्याच्या आवाजात शिंक ऐकू येत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

सासूबाईंनी लेकीची चप्पल दाराशी सरळ करून ठेवली. अर्ध्या तासात तिघंही डॉक्टरबाईंकडे होती.

डॉक्टरबाईंनी आधी रिपोर्टला हातच लावला नाही. ताप पाहिला, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजला, छाती तपासली, आणि मग पोटावर यंत्र ठेवलं. खोलीत बारीक, भराभर, टपटप असा आवाज यायला लागला. मिलीमीटरला तो मोजायचा होता. पण वीसपर्यंत गेल्यावर त्याला पुढचे आकडेच आठवेनात.

"बाळ मजेत आहे," बाई म्हणाल्या आणि मग कागद उचलला. "रक्त घेतलं तेव्हा सर्दी होती का?"

बायकोने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं.

"होती," मिलीमीटर म्हणाला. "माझीच होती. मी घरी आणली, मी लपवली, आणि फॉर्मवर 'नाही' मीच लिहिलं." एवढं बोलून त्याला इतकं हलकं वाटलं की आणखी काही कबूल करायचं राहिलंय का, हे तो आठवायला लागला. "यंत्रही बंद नव्हतं."

"कुठलं यंत्र?"

"ते जाऊ द्या," बायको म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, विषाणूची सर्दी झाली की काही दिवस पांढऱ्या पेशी कमी दिसू शकतात, प्लेटलेट थोड्या उतरतात, आणि सीआरपी चढतो, कारण शरीर लढत असतं. त्यातून ही मर्यादा छापलीय ती गरोदर नसलेल्या माणसांची. गरोदरपणात आकडे मुळातच वेगळे असतात. पेशींचं तर उलट असतं, त्या एरवी वाढतात. म्हणजे मला सर्दीचं माहीत नसतं तर मी या कागदावरून भलतंच काही शोधत बसले असते." मग त्यांचा आवाज कडक झाला. "पण सर्दी लपवायची गोष्ट नाही. गरोदर बाईची साधी सर्दीही कधी कधी छातीत उतरते. पहिल्या दिवशी कळवलं असतं तर पहिल्या दिवशी तपासलं असतं. आता ताप चढला, दम लागला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच क्षणी यायचं. तारीख-वार बघायचा नाही."

"आणि हे आकडे?"

"दोन-तीन आठवड्यांनी परत बघू. आत्ता गडबड चालू आहे आत. जरा निवू द्या, मग मोजू."

निवू द्या! मिलीमीटर ताडकन उठून उभा राहिला आणि परत बसला. कारखान्यात त्याच्या टेबलावर एक पाटी होती, त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली: 'गरम तुकडा मोजू नये.' यंत्रातून निघालेला बोल्ट गरम असतो, फुगलेला असतो. नव्या पोरांना तो ओरडून ओरडून सांगायचा, अरे निवू दे, गरम मोजलास तर चांगला तुकडा नापास करशील, आणि त्याहून वाईट म्हणजे बारीक तुकडा पास करून बसशील. अकरा वर्षं हे शिकवणाऱ्या माणसाने स्वतःची बायको गरम मोजली होती.

तो हे सगळं बोलून गेला. सासूबाई म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." बायको हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि डॉक्टरबाईंसकट तिघंही घाबरून तिच्याकडे धावली.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते मिलीमीटरला विचारू नका. ताप दोन दिवसांत उतरला, खोकला दहा दिवस रेंगाळला. तक्त्यावर त्याने त्या तीन आठवड्यांत काही लिहिलं नाही, फक्त पेन्सिलीने एक शब्द: निवतंय. बायको रोज संध्याकाळी स्वतःहून सांगायची, "हालचाल आहे हं," आणि हा मान डोलवायचा. एकदा ती सांगायची विसरली तर हा जेवायचा थांबला आणि ताटासमोर तसाच बसून राहिला.

मग परत ती खिडकी, परत तो फॉर्म. सातव्या प्रश्नावर त्याने 'हो'वर खूण केली, आणि शेजारी समासात कुठल्या तारखेला शिंक, कुठल्या तारखेला ताप, कुणापासून, सगळं लिहिलं. जागा संपली तेव्हा कागद उलटला, आणि आता बरं वाटत असल्याचा डॉक्टरबाईंचा दाखला वर टाचला.

गृहस्थ वाचत राहिले. "गोदामबाबूंनी दोनदा मिठी मारली, हेही लिहिलंय तुम्ही."

"खरं आहे ते."

"बरं. बसा. आणि धूळ नाहीये इथे."

या वेळी रिपोर्ट दोघांनी मिळून उघडला, त्याच फुटपाथवर. पांढऱ्या पेशी नऊ हजार दोनशे. प्लेटलेट एक लाख शहाऐंशी हजार. सीआरपी चार. मिलीमीटरने एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि प्रत्येकानंतर त्याचा आवाज थोडा थोडा मोकळा होत गेला.

"पुढचा वाच ना," बायको म्हणाली.

पुढचा ठळक छापलेला होता. फेरिटिन, लोखंडाचा साठा. तेरा.

"हे कसं शक्य आहे? हा पास होता. मी हिरवा गोल केला होता!"

बायकोने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या की असंच होतं, अंगात लढाई चालू असली की फेरिटिन फुगून दिसतं, खरा साठा आता दिसला. कमी आहे, गोळ्या वाढवू, घाबरायचं कारण नाही, बरं झालं परत मोजलं.

मिलीमीटर कागदाकडे बघत राहिला. ज्या तीन आकड्यांनी त्याची झोप उडवली ते निरुपद्रवी निघाले, आणि ज्या एकावर त्याने भरवसा ठेवला, तोच खोटं बोलत होता. तेही त्याच्या स्वतःच्या खात्यातला, लोखंडाचा.

"बारीक तुकडा पास केलास," बायको म्हणाली.

"केला," तो म्हणाला.

वाटेत त्यांनी गोळ्या घेतल्या. अंधार पडता पडता दोघं इमारतीत शिरली. सवयीने त्याने तिचा हात धरला, कारण पहिल्या मजल्यावरच्या त्या पाच पायऱ्या चाचपडत चढाव्या लागायच्या. पण आज पायऱ्या दिसत होत्या, एकेक स्वच्छ. वर नवा कोरा दिवा लागला होता. दारात काका उभे होते, हातात स्टूल.

"काय म्हणतात मग साहेबांच्या वहिनी?" काकांनी विचारलं.

मिलीमीटरने बायकोकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती.

"बऱ्या आहेत, काका. लोह जरा कमी निघालंय. गोळ्या चालू केल्यात."

"उत्तम. जपायला सांगा."

"पण काका, हा दिवा? सेक्रेटरींनी बदलला?"

"तो कसला बदलतोय! मीच लावला." काकांनी स्टूल काखेत मारलं आणि आत जायला वळले. "म्हटलं, तत्त्व नंतर बघू. साहेबांच्या वहिनी रोज याच जिन्याने जातात-येतात."